आजच्या कलेचा कोठारी



जुन्या वस्तूंच्या संग्रहालयांत निवडीचें निम्में काम काळानें अगोदरच करून ठेविलेलें असतें. सातवाहनांच्या वेळचें नाणें असो कीं पेशवाईंतली ढाल असो; जें मोडावयाचें तें मोडलें, वितळावयाचें तें वितळलें, आणि उरलें तें जपावें एवढाच प्रश्न राहतो. टांकसाळींतला कारागीर येऊन "माझें नाणें दर्शनी कपाटांत कां नाहीं?" असें कधीं विचारीत नाहीं. पण ज्या संग्रहालयानें आजची कला जमविण्याचें पत्करलें आहे, त्याची गोष्ट निराळी. तेथें चित्राचा रंग अजून पुरता वाळलेला नसतो. चित्रकार हयात असतो. त्याचे चाहते आणि त्याचे वैरी दोघेही त्याच शहरांत राहत असतात. त्याच्या चित्राचा भाव दर हंगामास चढतउतरत असतो. अशा गर्दींत एका माणसाला उभें राहून म्हणावें लागतें कीं, हें ठेवा आणि तें नको. हें म्हणणारा माणूस म्हणजे संग्रहालयाच्या क्यूरेटर-विभागाचा प्रमुख. त्याच्या कामाविषयीं आज मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

क्यूरेटरला आपल्या सरकारी परिभाषेंत अभिरक्षक म्हणतात. शब्द भारदस्त आहे, परंतु त्यांत केवळ राखणदारीचा अर्थ येतो. मला स्वतःला कोठारी हा शब्द अधिक जवळचा वाटतो. देवस्थानचा कोठारी नुसता कुलूप लावून बसत नाहीं. काय आणावें, कोणाकडून घ्यावें, कोणतें धान्य किडणारें आहे, उत्सवाच्या दिवशीं काय बाहेर काढावें, हें सारें त्यालाच पाहावें लागतें. आणि वर्षअखेर पंचांपुढें जाबही त्यालाच द्यावा लागतो.

हयात कलावंतांचीं चित्रें सरकारनें जमवावीं ही कल्पना तशी जुनी आहे. पॅरिसमध्यें लक्झेंबर्ग राजवाड्यांत १८१८ सालीं असें एक संग्रहालय उघडलें होतें. चित्रकार वारल्यावर कांहीं वर्षें जाऊं द्यावीं, मग त्याचीं उत्तम चित्रें लूव्हरमध्यें न्यावीं आणि बाकीचीं इतरत्र वाटून द्यावीं, अशी तेथील रीत होती. परंतु या कामाचा आजचा घाट जेथें स्पष्टपणें घडला तें स्थळ न्यूयॉर्क, आणि ज्यानें तो घडविला तो गृहस्थ आल्फ्रेड बार. त्याची हकीगत जरा विस्तारानें सांगण्याजोगी आहे.

१९२९ सालीं अ‍ॅबी रॉकफेलर, लिली ब्लिस आणि मेरी सलिव्हन या तीन बायकांनीं मनावर घेऊन न्यूयॉर्कमध्यें 'म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट' काढलें. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथला शेअरबाजार कोसळला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत फिफ्थ अव्हेन्यूवरील एका कचेऱ्यांच्या इमारतींत, बाराव्या मजल्यावर, संग्रहालयाचें दार लोकांना उघडलें! पहिलें प्रदर्शन सेझान, गोगँ, सराह आणि व्हॅन गॉग या चौघांचें होतें. प्रमुख म्हणून नेमलेला बार अवघा सत्तावीस वर्षांचा. बाप पाद्री, स्वतः कांहीं काळ मुलींच्या कॉलेजांत शिकवीत होता. तेथें १९२७ सालीं त्यानें विद्यार्थिनींना एक प्रश्नपत्रिका दिली: पन्नास नांवें, आणि प्रत्येकाचा अर्वाचीन कलेशीं काय संबंध तें सांगा. ती पत्रिका पुढें 'व्हॅनिटी फेअर' मासिकानें छापली. आम्हां मास्तर मंडळींची प्रश्नपत्रिका परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं पुड्या बांधावयास जाते, हें आपणांस ठाऊकच आहे.

बारनें १९३३ सालीं संग्रहाची योजना विश्वस्तांपुढें मांडतांना एक आकृति काढली. ती होती टॉरपेडोची, म्हणजे पाण्याखालून सुटणाऱ्या सुरुंगबाणाची. त्याचें म्हणणें असें: आमचा संग्रह हा काळांतून धांवणारा टॉरपेडो आहे. त्याचें टोंक म्हणजे सतत पुढें सरकणारा वर्तमानकाळ, आणि त्याचें शेपूट म्हणजे मागें पडत जाणारा, पन्नास ते शंभर वर्षांपूर्वींचा भूतकाळ. टोंकाशीं नवीं चित्रें यावयाचीं, शेंपटाकडून जुनीं गळावयाचीं. कल्पना डौलदार होती. तिला धरूनच १९४७ सालीं या संग्रहालयानें न्यूयॉर्कच्याच जुन्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाशीं करार केला कीं, आमच्याकडील जीं चित्रें आतां अभिजात ठरलीं, तीं आम्ही तुम्हांस विकूं आणि त्या पैशांनीं नवीं घेऊं.

पण व्यवहारांत काय झालें? सहा वर्षांच्या आंतच तो बेत बारगळला. १९५३ सालीं संग्रहालयानें जाहीर केलें कीं, कांहीं निवडक श्रेष्ठ कृति आम्ही कायमच्या ठेवणार. माझ्या मतें हें होणारच होतें. ज्या चित्रासाठीं माणसें दुरून येतात, ज्याच्या शेजारीं ठेवल्यावरच नव्या चित्राचा अर्थ उमगतो, तें शेजाऱ्याला विकून कोण टाकील? शिवाय दान देणारा मनुष्यही विचार करतो कीं, माझ्या आजीच्या नांवानें दिलेलें चित्र तुम्ही पन्नास वर्षांनीं विकणार असाल, तर देऊं कशाला? तेव्हां प्रत्येक नवकला-संग्रहालय हळूहळू जुन्या कलेचें संग्रहालय होत जातें, आणि क्यूरेटर-प्रमुखाच्या डोक्याला ही ओढाताण कायमची लागते. एका हातानें शेंपूट धरावयाचें आणि दुसऱ्या हातानें टोंक!

विकण्याचा अधिकार मात्र शहाणपणानें वापरला तर केवढें काम करतो, हेंही बारनेंच दाखविलें. लिली ब्लिस १९३१ सालीं वारल्या. आपला संग्रह त्यांनीं मृत्युपत्रानें संग्रहालयास दिला, पण अट घातली कीं, तीन वर्षांत पुरेसा निधि जमवून संस्था टिकाऊ आहे असें दाखवा. निधि जमला आणि १९३४ सालीं संग्रह ताब्यांत आला. बाईंनीं बरींचशीं चित्रें विकण्याची वा बदलून घेण्याची मुभाही ठेवली होती. त्या मुभेचा उपयोग करून, देगाचें एक चित्र विकून आलेल्या पैशांच्या आधारें, बारनें १९३९ सालीं पिकासोचें 'आव्हिन्योंच्या तरुणी' हें प्रचंड चित्र मिळविलें. १९४१ सालीं याच संग्रहांतील चित्रांच्या बदल्यांत व्हॅन गॉगची 'तारकामय रात्र' आली. आज त्या संग्रहालयांत सर्वांत जास्त गर्दी जेथें होते त्यांत हीं दोन चित्रें आहेत.

एवढें करणाऱ्या माणसाला विश्वस्तांनीं डोक्यावर घेतलें असेल असें आपणांस वाटेल. १९४३ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं त्याला प्रमुखपदावरून काढलें! अध्यक्ष स्टीफन क्लार्क यांची तक्रार अशी कीं, हा माणूस पुस्तकें लिहावयाचीं तीं लिहीत नाहीं. पण खरें दुखणें आणखी होतें. आदल्या नाताळांत बारनें जो मिलोन नांवाच्या एका साध्या माणसानें मणी-चमक्यांनीं नखशिखान्त सजविलेलें बूट-पॉलिशचें बैठें संग्रहालयांत मांडलें होतें. आणि पुढें १९४३ मध्यें मॉरिस हिर्शफील्ड या, उतारवयांत कुंचला हातीं घेतलेल्या कपडे व सपातांच्या धंद्यांतील माणसाचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. वृत्तपत्रांनीं टिंगल केली आणि श्रीमंत विश्वस्तांना ती झोंबली. बारचें वेतन अर्ध्यावर आणलें गेलें. तो घरीं मात्र गेला नाहीं. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यांत टेबल टाकून तो काम करीत राहिला. १९४७ सालीं त्याला संग्रह-प्रमुख हें पद मिळालें, आणि त्या पदावर तो १९६७ पर्यंत होता. म्हणजे संस्थेचें सिंहासन गेलें, पण कोठाराच्या किल्ल्या पुन्हां त्याच्याच कंबरेला आल्या. मला तर वाटतें, त्याचें खरें काम या दुसऱ्या डावांतच अधिक मुरलें.

या हकिगतींतून त्या पदाची खरी अडचण आपल्या ध्यानांत येईल. निवड क्यूरेटरची, पण पैसा त्याचा नव्हे. खरेदीची रीत साधारणपणें अशी असते. विभागांतला एखादा क्यूरेटर चित्रशाळा हिंडून, कलावंताच्या घरीं जाऊन, एखादी कृति सुचवितो. विभागप्रमुख ती जुन्या संग्रहाशीं ताडून पाहतो: या कलावंताचें आपल्याकडे कांहीं आहे काय, हें त्याचें चांगलें काम आहे काय, ठेवावयास जागा आहे काय, मालकीचे कागद स्वच्छ आहेत काय. मग प्रस्ताव खरेदी-समितीपुढें जातो. समितींत धनिक असतात, संग्राहक असतात, आणि कधीं कधीं ज्यांच्या घरांत त्याच कलावंताचीं चित्रें टांगलेलीं आहेत असेही असतात. संग्रहालयानें एक चित्र घेतलें कीं घरांतल्या चित्रांचा भाव वाढतो, हें कोणाला कळत नाहीं? म्हणूनच चांगल्या संस्थांत नियम असतो कीं, क्यूरेटरनें आपल्या कार्यक्षेत्रांतील चित्रें स्वतःसाठीं खरेदी करून संस्थेशीं स्पर्धा करूं नये, कलावंताकडून मोलाची भेट घेऊं नये, आणि खरेदीचा बेत बाहेर फोडूं नये. नियम सोपे आहेत. ते पाळणाऱ्याला मित्र कमी उरतात.

समितीला कसें वळवावें याचेंही एक तंत्र आहे. १९५८ सालीं जॅस्पर जॉन्स या तरुण चित्रकाराचें पहिलें प्रदर्शन भरलें. बारनें तेथून तीन चित्रें संग्रहालयासाठीं घेतलीं. पण ज्यावर त्याचें मन बसलें तें होतें अमेरिकेचा ध्वज हाच विषय असलेलें चित्र. यांत राष्ट्रध्वजाचा अवमान आहे असें कोणी म्हटलें तर? त्या काळीं अमेरिकेंत हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. तेव्हां बारनें आपला स्नेही फिलिप जॉन्सन याच्याकडून तें विकत घेवविलें, आणि जॉन्सननें १९७३ सालीं बारच्याच सन्मानार्थ तें संग्रहालयाला दिलें. पंधरा वर्षें धीर धरण्याची तयारी ठेवणें हाही या नोकरीचा एक भाग आहे.

खरेदीनंतरचें काम बाहेरच्या माणसाला दिसत नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. कागदावरील चित्रावर सुमारें ५० लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं द्यावयाचा नाहीं, म्हणून त्या दालनांत आपणांस अंधारी आल्यासारखें वाटतें. हवेंतला ओलावा सतत एकसारखा राखावयाचा; मुंबईच्या पावसाळ्यांत याचा अर्थ काय होतो तें निराळें सांगावयास नको. दुसऱ्या संस्थेचें चित्र उसनें आणलें तर पेटी उघडतांना व बंद करतांना दोन्ही वेळां त्यावरील प्रत्येक ओरखडा, प्रत्येक पोपडा टिपून ठेवावयाचा, आणि बरोबर एक माणूस विमानांतून पाठवावयाचा. उसनवारी हें फार मोठें उत्तरदायित्व आहे. १९५८ च्या १५ एप्रिलला न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयांत दुरुस्तीचें काम चालू असतांना आग लागली. एक कामगार प्राणांस मुकला आणि मोनेचें कमळांचें प्रचंड चित्र जळून गेलें. त्या वेळीं सराहचें 'ग्रांद जात बेटावरचा रविवार' हें जगप्रसिद्ध चित्र शिकागोहून उसनें आलेलें होतें. कर्मचाऱ्यांनीं तें सुखरूप बाहेर काढलें; पण शिकागोच्या संस्थेनें त्यानंतर तें कोणालाही दिलें नाहीं. पिकासोचें 'गेर्निका' तर त्या संग्रहालयाकडे १९३९ पासून १९८१ पर्यंत ठेव म्हणून होतें. स्पेनमध्यें लोकांचें स्वातंत्र्य परत आल्यावरच तें स्पेनला द्यावें अशी चित्रकाराची इच्छा. १९७४ सालीं एका इसमानें त्यावर लाल रंगाचा फवारा मारून अक्षरें लिहिलीं. वर वार्निशाचा थर होता म्हणून चित्र वांचलें.

आणि साधी नजरचूक? १९६१ सालीं तेथेंच मातीसचें होडीचें एक कागदी कातरकाम ४७ दिवस उलटें टांगलेलें होतें. इतके पहारेकरी, इतके पंडित, इतके प्रेक्षक; शेवटीं ती चूक एका नेहमीं येणाऱ्या बाईच्या ध्यानांत आली. बाकीचे सारे कदाचित् पाटी वाचीत असावेत.

आतां मी ज्या गोष्टीकडे येणार आहें, तिच्यामुळें या शतकांतल्या क्यूरेटर-प्रमुखाची खरी कसोटी लागते. जुना चित्रकार तेलरंग, कापड, लाकूड, दगड, धातु वापरी. त्यांचे रोग वैद्यांना ठाऊक होते. आजचा कलावंत काय वापरील याचा नेम नाहीं. एव्हा हेस ही गुणी शिल्पकार १९७० सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारली. तिनें रबराच्या चिकाचीं व कांचतंतूंचीं शिल्पें केलीं. हलकीं, पारदर्शक, कातडीसारखीं लोंबणारीं. हा चिक टिकणार नाहीं हें तिलाही ठाऊक होतें. आज त्यांपैकीं अनेक शिल्पें पिवळीं-तपकिरी होऊन ताठरलीं आहेत. कांहीं तर उचलून मांडण्याच्याही पलीकडे गेलीं आहेत. आतां काय करावें? नव्या चिकाची प्रतिकृति करून ठेवावी, कीं मोडकें मूळच दाखवावें, कीं दार लावून ठेवावें? तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझा कल मोडकें मूळ ठेवण्याकडे आहे.

पण हाच न्याय सर्वत्र लागत नाहीं. डेमियन हर्स्टनें १९९१ सालीं कांचेच्या पेटींत औषधी द्रवांत शार्क मासा ठेवून त्याला कलाकृति म्हटलें. मासा कुजला, द्रव गढूळ झाला, आणि २००६ सालीं दुसरा मासा आणून बसविला. कलाकृति तीच कीं निराळी? सोल लेविट याची भित्तिचित्रें तर विकत घेतांना हातांत येतो एक दाखला आणि एक नकाशा. भिंतीवर रेघा ओढतात दुसरेच लोक, आणि प्रदर्शन संपल्यावर वर चुना फासतात. येथें कोठारांत ठेवलें आहे तें काय? कागद आणि सूचना. याची परमावधि म्हणजे २०१९ सालीं मॉरित्सिओ कातेलाननें चिकटपट्टीनें भिंतीला लावलेलें केळें. तें काढून नवें कसें व किती उंचीवर लावावें याच्या लेखी सूचना असतात. त्याची एक प्रत २०२० सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाला दान मिळाली. आपण हंसाल, मीही हंसलों. फळवाल्याकडे जाण्याचें काम नोंदवहींत कोणत्या सदरांत पडतें हें मला अजून उमगलेलें नाहीं.

तथापि सगळेंच हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. शिकागोच्या कलासंग्रहालयांत फेलिक्स गोंझालेझ-तोरेस याची १९९१ सालची एक कृति आहे. कोपऱ्यांत रंगीत वेष्टनांतल्या गोळ्यांचा ढीग. त्याचें ठरलेलें वजन १७५ पौंड. येणाऱ्यानें एक गोळी घ्यावी, ढीग कमी होत जावा, आणि संग्रहालयानें तो पुन्हां भरावा. ही त्याच्या सोबत्याची प्रतिमा आहे. रॉस हें त्या सोबत्याचें नांव. तो एड्सनें त्याच वर्षीं वारला. निरोगी देहाचें वजन झिजत झिजत जातें तसा हा ढीग झिजतो. आतां ढीग किती वेळां भरावा, कीं संपूं द्यावा, हें ठरवितो कोण? क्यूरेटर. गोळ्या आणणाऱ्या शिपायाला हें काम काय आहे तें समजावून सांगतो कोण? तोच. आणि भिंतीवरच्या पाटीवर रॉसचा मृत्यु सांगावा कीं नुसतें वजन सांगावें, हा प्रश्न त्याच शिकागोंत उपस्थित झाला होता. पाटींतून त्याचा उल्लेख गळला तेव्हां प्रेक्षकांनीं हरकत घेतली आणि मजकूर पुन्हां बदलावा लागला. चार ओळींच्या पाटीवर किती तोललेलें असतें पाहा.

आपल्या देशांत अशी पहिली सरकारी संस्था म्हणजे दिल्लीच्या जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय. तें १९५४ सालीं उघडलें, आणि त्याचे पहिले प्रमुख हर्मान ग्योट्स हे जर्मन पंडित बडोद्याच्या संग्रहालयाचा अनुभव घेऊन आले होते. अमृता शेरगिल यांचीं शंभराहून अधिक चित्रें तेथें एकत्र आहेत. मुंबईंत त्याची शाखा १९९६ सालीं सर कावसजी जहांगीर हॉलमध्यें सुरू झाली. तेथील वर्तुळाकार दालनें चढतां चढतां मी अनेकदां मनांत म्हटलें आहे कीं, वांकड्या भिंतीवर सपाट चित्र टांगणाऱ्याचे आभार कोणी मानीत नाहीं.

कोठार पक्कें नसलें कीं काय होतें, हें वासुदेव गायतोंडे यांच्या उदाहरणानें कळतें. १९२४ सालीं नागपुरास जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. मध्यें शिकलेला हा मितभाषी चित्रकार वर्षाकाठीं मोजकींच चित्रें करी. २००१ सालीं ते वारले. त्यांचें समग्र दर्शन घडविणारें मोठें प्रदर्शन प्रथम भरलें तें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्यें, २०१४ च्या ऑक्टोबरांत. पुढें तें व्हेनिसलाही गेलें. तें रचणाऱ्या संधिनी पोद्दार यांना चित्रें गोळा करावीं लागलीं तीं आशिया, युरोप व अमेरिका येथील संस्थांतून आणि अनेक खासगी घरांतून. दिवाणखान्यांतल्या सोफ्याच्या वर टांगलेलें चित्र मागावयाचें, त्याचें साल खात्रीनें ठरवावयाचें, खरें कीं नक्कल तें पाहावयाचें, आणि मालकाला पटवावयाचें कीं कांहीं महिने भिंत रिकामी राहूं द्या.

न्यूयॉर्कच्या 'म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट'कडे गायतोंडे यांचें १९६२ सालचें एक तैलचित्र आहे. चित्र रंगवून झाल्यावर पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, तें तेथें दाखल झालें. त्या वेळीं संग्रह-प्रमुख होता आल्फ्रेड बार.